पाटीवरचं कुंकू

आमगावात फ्लेक्सचं दुकान चालवणारे एक गृहस्थ मला रोज सकाळी तलावाच्या पाळीवर भेटतात. गावातल्या जुन्या विहिरी, देवळं, तलाव यांची माहिती त्यांनी म्हाताऱ्यांना विचारून इंटरनेटवर टाकली आणि जागोजागी क्यूआर कोडच्या पाट्या लावल्या. आपण काही सांगत असलो तरी ते मध्येच मोबाइल काढून पाटी स्कॅन करतात, पान उघडलं की "चालू आहे" म्हणतात आणि मगच आपलं ऐकतात. या सवयीचा मला राग येतो.

तलावाची पाटी त्यांनी पाळीवरच्या देवीच्या दगडाला टेकवून रोवली होती. आठवड्याभरात बायांनी दगडाबरोबर तिलाही तेल-शेंदूर फासला. मोबाइल काही केल्या कोड वाचेना.

"पुसून टाका न," मी म्हणालो.

"कायले पुसू? देवीजवळ मीनंच लावली. त्याईची काय चूक?"

ती तशीच ठेवून त्यांनी नवी पाटी पलीकडच्या निंबाला बांधली. परवा पाहतो तर तिच्यावरही कुंकू आणि बुंध्याशी फोडलेला नारळ. आता तरी हे चिडतील, असं मला वाटलं. ते खाली बसले, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मोबाइलवर टाइप करू लागले.

"काय करून राहिले?"

"तलावाच्या माहितीत भर घालून राहिलो. पाळीवर देव्या दोन. एक तलाव बांधणाऱ्याईनं मांडली, एक मीनं."