भिवंडीच्या दुकानात आईचं कार्ड

आईला तिच्या नावाचं डेबिट कार्ड आलं आणि महिनाभर ते देवघराच्या खणात, बँकेच्या पाकिटातच पडून होतं. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची पेन्शन आता आईच्या खात्यात येऊ लागली होती. मग भिवंडीहून दिनामामाचा फोन आला, प्राचीचं लग्न ठरलं. प्राची ही मामाची मुलगी, म्हणजे आई तिची आत्या. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "नवरीची साडी मी घेणार. माझ्या कार्डावर. तू फक्त गाडी चालव."

एवढ्यावर आमची सहल ठरली.

तुम्ही नाशिकहून भिवंडीला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा. कसारा घाट उतरेपर्यंत मजा असते, धुकं, गरम भजी, सगळं काही. पडघ्याच्या पुढे कंटेनरची रांग लागते आणि मग आपण त्यांच्या वेगाने चालायचं. जाऊन-येऊन पेट्रोल आणि टोल मिळून तीन हजारांच्या आत भागतं. टोलनाक्यावर दांडा आपोआप वर गेला तेव्हा आईने विचारलं, "पैसे कधी दिलेस?" मी म्हटलं, काचेवरच्या स्टिकरमधून कापले गेले. तिने स्टिकरकडे जरा संशयाने बघितलं आणि पर्स मांडीवर ओढून घेतली.

मामाचं घर भिवंडीला लागूनच, शेलार गावात. पूर्वी तिथे भातशेती होती, आता शेताच्या जागी गोदामं आहेत आणि मामाचं उत्पन्न त्यांच्या भाड्यावर. मामा सगळे व्यवहार रोखीने करतो. त्याच्या शर्टाचा खिसा कायम फुगलेला असतो.

"आली का बाय? आदी जेवाला चला," तो दारातूनच म्हणाला. बाय म्हणजे माझी आई.

मामीने तांदळाच्या भाकऱ्या, कोळंबीचं कालवण आणि सुका जवळा केला होता. मला या प्रवासात सगळ्यात आवडतं ते आईचं बोलणं बदलणं. नाशकात तीस वर्षं शुद्ध बोलणारी बाई दुसऱ्या भाकरीपर्यंत 'हाय' आणि 'न्हाय'वर येते.

दुपारी मामा, मामी, आई आणि मी बाजारात गेलो. नारपोलीच्या यंत्रमागांच्या वस्तीतून जाताना काच खाली केली की लूमचा खडखडाट थेट गाडीत येतो. बाजारात गाडी लावायला जागा मिळणार नाही. ती लांबच लावून रिक्षा करा.

दुकान दुमजली, गारेगार. आईने तासभर साड्या बघितल्या. शेवटी एक गर्द वांगी रंगाची, बारीक बुट्ट्यांची साडी तिने मांडीवर घेतली आणि हात फिरवत राहिली. तिला तीच हवी होती, हे आम्हाला कळलं. किंमत साडेसहा हजार. मग आई आणि मामी ब्लाउजपीस बघायला वरच्या मजल्यावर गेल्या. मीही गेले. खाली आलो तर साडी पिशवीत भरून तयार होती आणि मामा काउंटरला टेकून उभा होता.

"झालं बिल. रोख दिले म्हणून सहा हजारांत दिली त्यांनी," तो खुशीत म्हणाला.

आईने पिशवीतून साडी काढली आणि काउंटरवर ठेवली. "मग ही तुजी साडी. मी दुसरी बघते," असं म्हणून ती पुन्हा साड्यांकडे वळली.

"बाय, असं काय करतेस? एकच हाय आपलं."

"एकच कसं? आत्याची साडी नवरीच्या बापाने घ्यायची?"

"मी म्हटलं, तुला कशाला त्रास आता..."

आई थांबली. आवाज न चढवता म्हणाली, "तुज्या थोरलीच्या लग्नात यांनी आहेर केला, तवा तू खिशात हात घातला न्हाय, दिनू. आता मी एकटी हाय म्हणून माझा आहेर तू करणार? मना पेन्शन येते. मी आत्या हाय तिची, पाहुणी न्हाय."

मामाने मामीकडे पाहिलं. मामी साडीची घडी नीट करत होती, वर बघत नव्हती. मला वाटलं आता हे दोघं नाराज होऊन घरी जाणार आणि लग्नापर्यंत ही अढी राहणार. पण मामा वळला आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "माझे पैसे परत दे, पोरी. ताई भरणार."

मुलीचं नाव शबाना. ती म्हणाली, "कॅश परत देते अंकल, लेकिन कार्ड पे डिस्काउंट नहीं है. पूरे साडेसहा लगेंगे."

मामाचा हात पुन्हा खिशाकडे गेला. आई म्हणाली, "चालेल."

कार्ड मशीनमध्ये गेलं. "पिन डालो आंटी." आईने बटणं दाबली. चूक. चष्मा गाडीत राहिला होता, गाडी लांब. मागे रांग वाढत होती. आईच्या कानशिलावर घाम आलेला मला दिसला आणि माझा हात आपोआप माझ्या फोनकडे गेला. तेवढ्यात मामाने स्वतःचा चष्मा काढून तिच्या हातात दिला. "हा लाव. बघ दिसतंय का." मग तो रांगेकडे वळून म्हणाला, "जरा तिकडे बघा सगळ्यांनी. बहीण पिन टाकते."

आणि खरंच सगळे वळले. दोन बुरख्यातल्या बायका, एक लग्नघरातलं मोठं कुटुंब, स्वतः मामा, मी, सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे. पाठीमागे एकेक बटण दाबल्याचा आवाज. मग कागद सरकल्याचा.

"हो गया आंटी."

वळून बघितलं तर मामाचा मोठा चष्मा नाकावर घेऊन आई पावती वाचत होती, वरपासून खालपर्यंत.

नंतर मामाने आम्हाला मटण बिर्याणी खाऊ घातली. चौघांचे हजाराच्या आत झाले आणि ते त्याने रोख दिले. या वेळी आईने पर्सला हातही लावला नाही.

परतून आठवडा झाला. हिशोबाने बघायचं तर आईने पाचशे रुपये जास्त मोजले. भिवंडीत रोख देऊन घासाघीस करा, स्वस्त पडतं, हे मी तुम्हाला सांगेनच. पण घाट चढताना आई मागच्या सीटवर गुणगुणत होती आणि ते मी वर्षभर ऐकलं नव्हतं.

काल मामाचा फोन आला. आईने स्पीकर लावला.

"बाय, ही आता बँकेत चल म्हणते. हिला पण स्वतःचं खातं पायजे आणि कार्ड पण."

"मग ने की तिला," आई म्हणाली. "आणि पिन विचारू नको."