म्हस्कूअप्पांचे सहा दात

ॲसिड सेक्शनमधल्या किसनचा फोन आला तेव्हा मी शिरूरच्या घरी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बदलून नुकताच खाली उतरलो होतो. "भाऊसाहेब, आप्पा गेलं," एवढंच तो म्हणाला. कुठले आप्पा, हे मी विचारलं नाही. कुरकुंभची नोकरी सोडून मला बरीच वर्षं झाली, पण त्या सेक्शनच्या माणसाच्या तोंडून आप्पा हा शब्द आला की माणूस एकच. म्हस्कूअप्पा राहूचे, धनगर घरातले. वडिलांच्या काळापर्यंत मेंढरं घेऊन हिंडणारं कुटुंब, पुढं नदीकाठच्या दोन एकरांत स्थिरावलेलं. "परवा सावडायचं हाय," किसन पुढं म्हणाला, "तुम्ही येनार का?" त्या विचारण्यात बोलावणं नव्हतं. तरी मी येतो म्हणालो, आणि गेलो. त्याला आता दीड महिना झाला... आप्पांवर दुसरं कुणी लिहिणार नाही. लिहायचंच तर ज्याला खरं ठाऊक आहे त्यानं लिहावं, म्हणून बसलो आहे. वाचून कुणी माझं कौतुक करू नये.

नव्वदीच्या सुरुवातीला कुरकुंभला एकेक कंपनी उभी राहत होती आणि दौंडमधल्या खोल्यांची भाडी वाढत होती. मी आमच्या कंपनीत पर्सोनेल क्लार्क होतो. हजेरी, रजा, पगाराच्या स्लिपा आणि दर महिन्याला कामगारांना साबण नि गूळ वाटणं ही माझी कामं. आप्पा ॲसिड सेक्शनला ऑपरेटर होते, टाकीतून ड्रम भरायचे. भरताना जो धूर उठायचा तो डोळ्यांना झोंबायचा. माणसं तोंडाला रुमाल बांधायची, पण रुमालात ना धड श्वास घेता यायचा ना बोलता, म्हणून थोड्या वेळानं तो गळ्यात यायचा. आप्पांचा तर कायम गळ्यातच, कारण त्यांना हसल्याशिवाय राहवायचं नाही. नवा इंजिनिअर आला की त्याला अगदी भोळेपणानं विचारायचे, "सायब, ह्या धुरात मेंढी किती दिस जगंल?" तो बिचारा गंभीरपणे उत्तर द्यायला लागला की आप्पा हसत सुटायचे. ते हसणं कॅन्टीनच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. शिफ्ट सुटताना एकदा ते माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "भाऊसाहेब, तोंड आंबून जातंय बघा. घरी गेल्याव भाकरीची चवच लागंना." मला वाटलं, हे तर माझ्या हातातलं काम आहे. मी वरपर्यंत नोट पाठवली आणि साबण-गुळाबरोबर प्रत्येकाला दंतमंजनाचं एक पाकीट मंजूर करून घेतलं. काळं, खरखरीत, स्वस्तातलं मंजन. मॅनेजरनं माझी पाठ थोपटली. तेव्हापासून शिफ्ट सुटली की सेक्शनची सगळी माणसं नळाशी उभी राहून बोटानं खसाखसा दात घासायची. ती रांग बघून मला फार बरं वाटायचं. कामगार कल्याण म्हणतात ते हेच, असं मी बायकोला सांगितल्याचंही आठवतं.

दोन-तीन वर्षांत आप्पांचे वरचे पुढचे दात आखूड झाले. कडा काचेसारख्या पातळ झाल्या, मग झिजून गेल्या आणि आतला पिवळा भाग दिसायला लागला. गार पाणी प्यायले की डोळ्यांतून पाणी यायचं. भाकरी दुधात भिजवून, मागच्या दाढांनी चघळत खायचे. हसू आलं की उपरण्याचं टोक तोंडावर धरायचे, आणि थोड्याच दिवसांत हसूही येईनासं झालं. सेक्शनमध्ये आणखी दोघा-तिघांचे दात तसेच होत होते, किसनचेही, पण आप्पा सगळ्यांत जुने, म्हणून त्यांचे आधी गेले. त्याच सुमाराला त्यांच्या थोरल्या मुलीचं स्थळ बघणं चाललं होतं. पाहुणे येऊन गेले आणि मध्यस्थाकरवी निरोप आला, मुलगी पसंत आहे, पण बापाला काही रोग आहे का ते एकदा कळू द्या. आप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता. "रोग असता तर सांगितला असता की. पर ह्याला काय म्हनायचं, तेच मला ठाव न्हाई."

मी त्यांना दौंडला एका दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तरुण माणूस, पुण्यात शिकून आलेला. त्यानं आरशातून बघितलं आणि विचारलं, काम कुठं करता. मग म्हणाला, ॲसिडच्या वाफेनं दात वरून मऊ पडतात. त्या वेळी नुसती चूळ भरायची आणि तासभर दातांना हात लावायचा नाही. लगेच घासले तर वरचं कवच घासून निघून जातं. आप्पांनी वळून माझ्याकडे बघितलं, ते चिडून नाही, "बघा, असं हाय व्हय" एवढ्याच अर्थानं. मंजनाची गोष्ट त्यांनी डॉक्टरला सांगितली नाही. मीही सांगितली नाही.

उपाय व्हेनिअरचा, डॉक्टर म्हणाला. दाताच्या पुढच्या बाजूला चिनीमातीचा पातळ पापुद्रा चिकटवायचा. पुण्याच्या लॅबमधून माप देऊन करून आणावा लागतो, नखासारखा पातळ, पण पक्का. तो बसवण्यासाठी खालचा दात थोडा घासावा लागतो, आणि एकदा घासला की मागं फिरता येत नाही, जन्मभर त्यावर काहीतरी लागतंच. एका दाताचा खर्च जवळजवळ आप्पांच्या महिन्याच्या पगाराएवढा. दात सहा. स्वस्तातला प्रकारही होता, दातावर मसाला लावून तिथंच एका बैठकीत आकार द्यायचा. त्याला चौथ्या हिश्श्यानं पैसे पडत, पण तो डागाळतो, तुटतो, दोन-चार वर्षांनी परत करावा लागतो. "हप्त्यानं करा," डॉक्टर म्हणाला, "या दिवाळीला दोन, पुढच्या दिवाळीला दोन. नाहीतर पुण्याला दातांच्या कॉलेजमध्ये जा, तिथं शिकणारी मुलं करतात, निम्म्याहून कमी लागेल, फक्त खेटे घालायची तयारी ठेवा. पण आधी सेक्शन बदलून घ्या. भिंत ओली असताना वरून रंग देऊन उपयोग नाही." फी घेतली नाही त्यानं. मला तो माणूस आवडला, आणि त्याच्यासमोर बसणं नकोसंही झालं.

आप्पांनी सगळं करून बघितलं. पुण्याच्या कॉलेजला तीन वेळा गेले. दर वेळी एक खाडा, एसटीचं भाडं, आणि तिथं कधी परीक्षा, कधी पुढची तारीख. चौथ्या वेळी गेलेच नाहीत. कामगारांच्या पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकला. पतपेढी लग्नाला द्यायची, विहिरीला द्यायची, आजाराला द्यायची. कमिटीतला एक जण म्हणाला, दात म्हणजे काही आजार नव्हे, ही तर हौस. त्यांचे धाकटे भाऊ लक्ष्मणनाना अजून मेंढरं राखायचे. ते म्हणाले, दहा-बारा विकून टाकू. आप्पांनी ऐकलं नाही. "माझ्या तोंडापायी तुझी लक्ष्मी न्हाई इकायची," असं त्यांना सुनावलं. शेवटी बोनसच्या पैशातून दोन दातांवर दौंडच्या डॉक्टरकडून मसाला लावून घेतला. सेक्शन तोच, धूर तोच. आठ-नऊ महिन्यांत कडेनं पोपडे सुटले आणि एक दिवस भाकरीबरोबर एक तुकडा पोटात गेला. कंपनीच्या मेडिकलमध्ये मी त्यांचा अर्ज टाकला होता, तो वरून परत आला. शेरा होता, सौंदर्योपचार, मंजूर करता येत नाही. आप्पांनी त्या शब्दाचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यावर त्यांना खूप दिवसांनी हसू आलं, उपरणं न धरता.

मग मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. दुसऱ्या एका कंपनीत म्हणे कामगारांनी दातांवरून तक्रार केली होती, आणि आमच्या साहेबांना झोप लागत नव्हती. "त्या म्हाताऱ्याचे दात करून देऊ आपण. सहाच्या सहा, चांगल्यातले. फक्त एक साधं डिक्लरेशन घे." चाळिशीतला माणूस, पण दात गेले म्हणून साहेबांच्या लेखी म्हातारा. त्यांनी मजकूर सांगितला आणि मी इंग्रजीत टाईप केला. कंपनी माणुसकीच्या नात्यानं ही मदत करत आहे. मदत एकदाच मिळेल. माझ्या दातांची झीज मिश्री लावण्याच्या माझ्या खासगी सवयीमुळे झाली असून कामाशी तिचा संबंध नाही. मी हे समजून, राजीखुशीनं सही करत आहे. आप्पांच्या घरात तंबाखूला कुणी शिवत नव्हतं. जे काळं ते दाताला लावत होते ते मी वाटत होतो.

आप्पा आले, कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, "विंग्रजी हाय व्हय? तुम्हीच वाचा भाऊसाहेब." मी मराठीत वाचून दाखवलं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, आणि तिथून थेट चौथं. तिसऱ्यावर माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही. मी स्वतःला सांगितलं की वाचलं तर ते सही करणार नाहीत, दात मिळणार नाहीत, मुलीचं अडलेलं लग्न अडूनच राहील. हे खरं होतं. असिस्टंट ऑफिसरची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती, हेही तितकंच खरं होतं. आप्पांनी शाळेतल्या मुलासारखी सावकाश सही केली आणि म्हणाले, "उपकार झालं तुमचं." मी "काही नाही" म्हणालो... खरंच, तेवढंच म्हणालो. काही नाही.

दात झाले. देखणे झाले. मुलीचं लग्न राहूलाच लागलं, मी सहकुटुंब गेलो होतो, आप्पा दारात उभे राहून एकेकाला हसून या म्हणत होते. सेक्शन मात्र बदलला नाही. अनुभवी माणूस हलवला तर ड्रम कोण भरणार? पुढच्या वर्षी किसननं आणि आणखी एकानं अर्ज दिला की आमचेही दात कामामुळं गेले, आम्हालाही खर्च द्या. साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून आप्पांच्या सहीचा कागद पुढं ठेवला. तुमचा सगळ्यांत जुना माणूस स्वतः लिहून देतो की मिश्रीनं गेले, मग तुमचे कशानं गेले? दोघांचे अर्ज तिथंच संपले.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्या टेबलाशी आले. बसले नाहीत.

"भाऊसाहेब, मी मिश्री कवा लावली?"

मी फाईल चाळत राहिलो.

"तुम्ही वाचलं तवा ह्ये न्हवतं त्यात."

"आप्पा, तुमचं काम व्हावं म्हणून..."

"माझं झालं की. त्या दोघांचं काय? सेक्शनमंदी आता माझ्यासंगं कोन डबा उघडत न्हाई." मग म्हणाले, "मला विंग्रजी वाचता येत न्हाई. तुम्हाला येतंय."

त्यानंतर ते दौंडच्या डॉक्टरकडे गेले होते, हे काढून द्या म्हणून. डॉक्टरनं सांगितलं, आता खाली दात घासलेले आहेत, काढले तर पाणीसुद्धा पिता येणार नाही. वर्षभरात आप्पांनी हिशेब घेतला आणि राहूला शेतावर गेले. मी असिस्टंट ऑफिसर झालो. पुढं लग्नाकार्यात, बाजारात, कधी चौफुल्याच्या एसटी थांब्यावर आमची गाठ पडायची. किसनकडून मला कळलं होतं की गावात ते तोंड मिटूनच असतात, नातवंडांशीसुद्धा. मला बघितलं की मात्र हसायचे. आवाज नाही, शब्द नाही, सहाच्या सहा दात दाखवून, मी नजर काढून घेईपर्यंत. रागावले असते, चार माणसांत बोलले असते, तर मी त्यांच्या पाया पडलो असतो, असं मला पुष्कळदा वाटतं. ते खोटं आहे. बोलले असते तर मी काहीतरी कारण सांगितलं असतं.

शेवटी शेवटी त्यांना धाप लागायची. कशानं, ते कुणी लिहून दिलेलं नाही.

सावडायला न्हावऱ्यावरून पोचलो तेव्हा नदीकाठी पंधरा-वीस माणसं होती. कुणी या म्हणालं नाही, कुणी जा म्हणालं नाही. राखेवर पाणी शिंपडलं, दूध शिंपडलं, आणि आप्पांचा मुलगा अस्थी वेचून मडक्यात ठेवायला लागला. डोक्याकडच्या बाजूला त्याचा हात थांबला. त्यानं तळव्यावर काहीतरी घेऊन फुंकर मारली. पातळ, नखासारखे पापुद्रे, किंचित करपलेले, पण सगळे शाबूत. पाच सापडले. हे अस्थींबरोबर पाण्यात सोडायचे का, यावर वडीलधाऱ्यांची कुजबुज झाली. लक्ष्मणनानांनी पोराच्या हातातून ते घेतले आणि गर्दीतून सरळ माझ्यासमोर आले.

"हाडं आमची हायती," ते म्हणाले. "ह्ये कंपनीचं हाय. धरा."

मी हात पुढं केला. कंपनी केव्हाच विकली गेली आहे, गेटवर दुसरंच नाव आहे, ते साहेब कुठं असतात ते कुणाला माहीत नाही. घरी आल्यावर बायको म्हणाली, मग आता हे परत कुणाला करणार? ते पाच तुकडे माझ्या औषधांच्या डबीत आहेत, रोज सकाळी ती उघडावी लागते. नानांनी ते ज्याचे त्यालाच परत केलेले आहेत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.