हवालदारांचे सूप

शूर्पकर्ण गजाननास आणि ग्रामदैवतास वंदन करून, उद्या भरणाऱ्या चैत्री यात्रेच्या निमित्ताने एका गृहस्थांचे स्मरण करतो. हातात सूप, ओठ घट्ट मिटलेले, आणि उघडले की एकच वाक्य : "बघन्याजोगं न्हाई, गड्या."

एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षे. शिराळ्याजवळच्या आमच्या गावी यात्रेत तंबूतला सिनेमा येई. पंचांनी त्याला एका अटीवर परवानगी दिली होती : नायक-नायिका जवळ आली की यंत्राच्या उजेडापुढे सूप धरायचे. या कामी पलटणीतून निवृत्त झालेले हे हवालदार नेमले गेले.

पहिल्याच खेळात आलिंगन आले, तरी सूप मांडीवरच राहिले. पुढे खलनायकाने सुरा उपसला, तेव्हा मात्र पडदा काळा झाला.

"आवं हवालदार, झोपलासा व्हय? सूप मगाशी धरायचं हुतं," कोणी ओरडले.

"ह्ये बघन्याजोगं न्हाई."

गावात कुजबुज सुरू झाली. तंबूवाला त्यांना चहा पाजतो. पलटणीत त्यांना नको त्या सवयी लागल्या. वाचकहो, मीही संशयापासून मुक्त नव्हतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. सुऱ्याच्या वेळी त्यांनी पुन्हा सूप धरले. दारूच्या शंकेने मी वास घेऊन पाहिला, तंबाखूच होती.

"गुर्जी, मरनारा मानूस आईला हाक मारतो," ते हळूच म्हणाले. "हितं कुनी हाक मारत न्हाई. अन् पोरं टाळ्या वाजिवत्यात."

उत्तर मला फार सोयीचे वाटले. संशय तसाच राहिला.

सरपंच माझ्याकडे शास्त्राधार मागायला आले. मी सांगितले, "जुन्या नाट्याचार्यांनी रंगभूमीवर आलिंगन वर्ज्य मानले, आणि वधही."

"मंजी निम्मं त्यानं मोडलंच की."

"आणि निम्मे आपण."

सरपंचांनी माझ्याकडे रोखून पाहिले. "तुमाला बी चा पाजला वाटतं."

त्याच सायंकाळी मलकापूरचे पाहुणे खेळाला येणार होते. हवालदारांच्या एकुलत्या एका मुलीला ते पसंत करून गेले होते; सुपारी फुटायची बाकी होती. सरपंचांनी हवालदारांना स्पष्ट बजावले, "पाव्हनं मागंच बसत्याल. आज नीट धरा, न्हाईतर सोयरीक गेली म्हनून समजा."

"आनि खून झाला तर?"

"त्यो दिसू द्या. लोकं त्यासाटनंच येत्यात."

आलिंगन आले. हवालदारांनी पाठीमागे एकदा पाहिले आणि सूप उचलले. पाहुण्यांनी समाधानाने माना डोलावल्या. मग सुरा निघाला. हवालदारांनी सूप खाली ठेवले, उठले आणि तंबूबाहेर गेले. आत शिट्ट्या घुमल्या.

सुपारी फुटली. वैशाखात लग्न लागले. मंगलाष्टके मीच म्हटली. अंतरपाट दूर झाला आणि मुलीने मान वर करून नवऱ्या मुलाकडे सरळ पाहिले. तोही पाहतच राहिला. थोरामोठ्यांनी संकोचाने नजरा खाली वळवल्या. हवालदार तेवढे डोळे भरून दोघांकडे पाहत उभे होते.

"बाप बी तसलाच," माझ्यामागे कोणी पुटपुटले.

त्याच पावसाळ्यात ते वारले. त्यांच्याविषयी मी निश्चित काही ठरवू शकलो नाही. परंतु त्या मांडवात तसे पाहणारे ते एकटेच होते.

वाचकहो, आपल्या घरी मंगलाष्टके निनादत राहोत, आणि आपली लेकरेबाळे दीर्घायुषी होवोत. शुभं भवतु.