तिच्या नावाने उघडलेलं पान

वेबसाइट बनवणाऱ्या एका एजन्सीच्या मालकाने आणि त्याच्या बड्या ग्राहक कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याने मिळून सफाळ्याच्या एका मुलीला फसवलं. चूक स्वतः केली, नाव तिचं लावलं, आणि तिला आत टाकायला पोलिसांचा हात वापरायला निघाले. निवृत्त झाल्यापासून बरीच प्रकरणं डोक्यातून पुसट होत चालली आहेत. हे होत नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. ज्यांनी केलं त्यांना वाचताना कळेलच.

मी तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत देत निरीक्षक झालो. आमच्या भागात हवेला वास येणं यात नवल नाही. आज कुठला वास आहे, कुठून येतोय, हे बायका चुलीपुढे बसून सांगतात. म्हणून त्या मोठ्या रसायन कंपनीने आसपासच्या गावांत फलक लावले होते. वास आला की घाबरायचं नाही, फलकावरचा क्यूआर कोडचा चौकोन मोबाइलने टिपायचा, कंपनीच्या वेबसाइटचं एक पान उघडतं, त्यावर हिरवी पट्टी असली तर सगळं ठीक. गावोगाव फिरून कंपनीने ही सवय लोकांना लावली होती. लोकांनीही विश्वास ठेवला.

त्या दुपारी नेहमीचाच वास होता. एका बाईने सवयीने पान उघडलं. पट्टी लाल होती. ‘वायुगळती. घर सोडा. वाऱ्याला आडवे चाला.’

पुढचं सांगायला नको. मिळेल त्या वाहनातून माणसं निघाली. रिक्षा, दुचाक्या, टेम्पो, त्यातच पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या अडकलेल्या. किनाऱ्यावरच्या गावातली मासळी विकणारी एक मावशी गच्च भरलेल्या टेम्पोच्या मागून खाली पडली. खुबा मोडला, डोक्याला मार लागला, शुद्ध हरपली. आणि गळती झालीच नव्हती.

कंपनीने लगेच जाहीर केलं की आमची वेबसाइट कुणीतरी हॅक केली.

खबर घेऊन, कंपनीची ही वेबसाइट सांभाळणाऱ्या एजन्सीचा मालक स्वतः ठाण्यात आला. इस्त्रीचा शर्ट, गोड आवाज. ठाणे अंमलदाराला न विचारता थेट माझ्या केबिनमध्ये.

“साहेब, कुणी केलं ते आम्हाला कळलंय. आमच्याकडून भांडून गेलेली एक मुलगी आहे, सफाळ्याची. तिच्याच लॉगिनने पान टाकलं गेलंय. सायबरवाल्यांकडून तपासून घ्या. तुम्ही फक्त उचला तिला.”

“उचलायला ती काय मिठाची गोणी आहे?” मी म्हणालो. माझा आवाज तसाही बाहेरच्या बाकापर्यंत जातो.

माझी आई बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. तिच्या शेजारी बसून मी भाव करायला शिकलो. कुणी न मागता माल पुढे सरकवला की आई त्या मालाची खालची बाजू आधी बघायची. हा माणूस मला तसाच वाटला. पण वाटण्यावर तपास चालत नाही. फिर्याद नोंदवली, तिचं नाव संशयित म्हणून त्यात गेलं. सायबरच्या लोकांनी तपासलं. लॉगिन खरोखर तिचंच होतं. ते कुठल्या कनेक्शनवरून वापरलं, याचं उत्तर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडून यायला वेळ लागणार होता.

तेवढा वेळ कुणाकडेच नव्हता. कंपनीच्या फाटकावर गावकरी बसले होते. वरून फोन येत होते, “अटक दाखवा, लोक शांत होतील.” आणि प्रत्येक फोनला मला वाटायचं की हा रुग्णालयातून असेल. मावशी गेली असती तर गुन्ह्याची कलमं बदलणार होती, आणि मग त्या मुलीला वाचवणं माझ्या हातात उरलं नसतं.

नोटीस दिल्यावर ती सकाळीच वडिलांबरोबर हजर झाली. वडील भातशेती करणारे. केबिनच्या दाराशी चपला काढायला लागले.

“राहू द्या चपला. बसा.”

“सायेब, माझी पोर असं करनार नाय. तिला पुण्याला नवीन काम लागलंय. सोमवारी रुजू व्हायचं हाय. त्यांनी पोलिसांचा दाखला मागितलाय. आन तुमीच तिला बोलावलंत.”

म्हणजे अटक झाली की नोकरी गेली, हे सरळ होतं. शिकलेली मुलगी, घरातली पहिलीच. एकदा अटकेचा शिक्का बसला की कुठल्याच कंपनीचं दार उघडलं नसतं.

महिला हवालदाराला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली. आवाज चढवला, ते नाकारत नाही.

“लॉगिन तुझं?”

“हो.”

“नाव तुझं, पासवर्ड तुझा, पान टाकलं भुताने?”

“सर, मी नोकरी सोडल्यावर ते लॉगिन उघडलेलंच नाही.”

“मग ते पान तिथे आलं कसं, ते सांग. आणि मराठीत सांग, तुमच्या त्या भाषेत नको.”

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बाहेरच्या आमच्या सूचना फलकाकडे बोट केलं. “सर, मोठ्या साइटच्या दोन प्रती असतात. एक लोकांना दिसते ती, तिला लाइव्ह म्हणतात. दुसरी आमच्यापुरती, चाचणीची. बदल आधी चाचणीच्या प्रतीवर करायचा, ग्राहकाला दाखवायचा, त्याने हो म्हटलं की मगच लाइव्हवर. तुम्ही नोटीस आधी कच्ची लिहिता, सही होते, मग फलकावर लावता ना, तसंच.”

“आणि काढायची कशी?”

“फलकावरची काढली तरी लोकांनी तिचा फोटो काढलेला असतो ना? तसं मोठ्या साइटचं असतं. गर्दी झाली तर साइट बसू नये म्हणून पानाच्या प्रती वाटेतल्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. मूळ पान काढलं तरी लोकांना त्या प्रतीच दिसत राहतात. त्या वेगळ्या पुसाव्या लागतात.” ती थांबली आणि म्हणाली, “ज्याने हे पान टाकलं त्याने ते बहुतेक लगेच काढलंही असेल. पण प्रती पुसल्या नाहीत. मी असते तर पुसल्या असत्या. ते काम मीच करायचे.”

महिला हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगत होती की हे कसं करायचं ते तिला सगळ्यात चांगलं माहीत आहे.

“तू स्वतःविरुद्ध जबाब देते आहेस, कळतंय का तुला?”

“कळतंय, सर. पण हे नाही सांगितलं तर खरं काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही.”

गुन्हेगार हुशारी लपवतो, हा माझा अनुभव. ही ती टेबलावर मांडत होती. मी तिला महिला कक्षात बसवलं, वडिलांना चहा सांगितला आणि दोन पंच व एक हवालदार घेऊन एजन्सीत गेलो. संध्याकाळपर्यंत हाती काही लागलं नाही तर अटक करावी लागणार, हे जीपमध्ये बसताना मला ठाऊक होतं.

बोईसरमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर ती एजन्सी. ओळीने कंप्युटर, भिंतीवर बड्या ग्राहकांच्या साइटची चित्रं. मालकाने कौतुकाने सगळं दाखवलं. कोण साइटचा आराखडा करतं, कोण ती बांधतं, बांधून झाल्यावर रोज कुठली कामं असतात: साइटची राखीव प्रत म्हणजे बॅकअप घेणं, सुरक्षेच्या दुरुस्त्या, बदललेले फोटो, बंद पडलेली पानं.

“साहेब, साइट बांधणं सोपं. सांभाळणं अवघड. इमारतीसारखंच. आमच्याकडे एक शब्दही मंजुरीशिवाय लाइव्हवर जात नाही.”

“आणि ती मुलगी गेली तेव्हा तिचं लॉगिन?”

“त्याच दिवशी सगळ्या साइटवरून बंद करायला सांगितलं. एवढी एक राहून गेली, तिथेच तिने डाव साधला.”

मी हे त्याच्या जबाबात लिहून घेतलं, वाचून दाखवलं, सही घेतली. मग उठलो नाही. कॉफी आली, ती प्यायलो. भावात गप्प बसणारा जिंकतो, हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. मालक घड्याळाकडे बघू लागला. बाकीचे हळूहळू आपापल्या कामाला लागले. थोड्या वेळाने पोलीस बसलेत हे ते विसरून गेले.

कोपऱ्यातल्या एका तरुणाचा फोन वाजला. त्याने हात मोकळे राहावेत म्हणून तो स्पीकरवर टाकला. उत्तरेकडचा हा तरुण गेली कित्येक वर्षं बोईसरमध्ये खोली भाड्याने घेऊन राहणारा. पलीकडे कुठल्यातरी मोठ्या रुग्णालयाच्या जाहिरात विभागातली बाई होती.

“भैया, नया बॅनर लाइव्ह पे डाल के दिखाओ ना. वो टेस्टवाला लिंक हमारे ऑफिस में खुलता ही नहीं. मैं देख लूँ, फिर हटा देना.”

“जी मॅडम, दो मिनट.”

मी उठून त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. त्याची बोटं सवयीने चालली. लॉगिनच्या चौकटीत त्याने एक नाव टाकलं. सफाळ्याच्या मुलीचं.

“ये किसका नाम है?” मी हळूच विचारलं.

“अरे वही, अपनी पुरानी मॅडम का,” तो मान न वळवता म्हणाला. “सब इसी से तो करते हैं.”

मग त्याने मान वळवली. माझा गणवेश दिसला. मालकाच्या हातातला कप तिथेच थांबला.

“साहेब, आपण दोघं जरा आत बोलू,” मालक म्हणाला.

“आत नाही. इथेच, पंचांसमोर बोल. काय सांगायचंय ते मोठ्याने सांग.”

पंचनामा तिथेच केला, कंप्युटर जप्त केला. त्या तरुणाने रडत रडत सगळं सांगितलं. मोठे ग्राहक लॉगिन देताना माणसाच्या नावाला मंजुरी देतात, आणि ती मंजुरी मिळायला फार वेळ जातो. त्या सगळ्या साइट या मुलीने बांधलेल्या, मंजुरी तिच्या नावाला. ती सोडून गेल्याचं मालकाने एकाही ग्राहकाला कळवलं नाही. ग्राहकांना वाटत होतं, काम अजून तिच्याच हातात आहे.

त्या दिवशी रसायन कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला आपत्तीच्या सरावासाठी सूचना हवी होती. चाचणीची प्रत त्याच्या कार्यालयात उघडत नव्हती. तरुण म्हणाला, “साहब बोले, लाइव्ह पे डालो, मैं देख के बोलता हूँ. और ऊपर ‘सराव’ मत लिखना, असली जैसा दिखना चाहिए.” तरुणाने पान टाकलं, अधिकाऱ्याने बघून पसंत केलं, मग तरुणाने ते काढलं. प्रती पुसायच्या असतात हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. गावांत पळापळ झाल्यावर अधिकारी आणि मालक फोनवर बोलले, आणि मग ‘हॅक’ हा शब्द बाहेर आला.

ठाण्यात परतलो तेव्हा मुलीचे वडील आवारातल्या झाडाखाली उभे होते. चहाचा कप तसाच भरलेला.

“घेऊन जा मुलीला घरी,” मी म्हणालो.

त्यांना ते लगेच कळलंच नाही. “मंग... आमी जाव?”

मुलीने मात्र निघताना नेमकं विचारलं, “सर, फिर्यादीत आलेलं माझं नाव पुसलं जाईल ना?”

मावशी वाचली. काठी घेऊन चालते. डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरणं मात्र कायमचं बंद झालं.

सुरक्षा अधिकारी वकील घेऊन आला. फोन केला हे कबूल. पण ‘मी चाचणीच्या प्रतीवरच टाका म्हणालो’ असं त्याचं म्हणणं. तोंडी बोलण्याला पुरावा नाही, असं वरिष्ठांचं मत पडलं. मी त्यावर भांडलो, फाइल टेबलावर आपटली. “आता तुमच्या निवृत्तीचं बघा,” असं मला ऐकवण्यात आलं. दोषारोपपत्र एकट्या मालकावर गेलं. मुलीविरुद्ध काही नाही, असा स्पष्ट उल्लेख मी त्यात केला. पण मूळ फिर्यादीत तिचं नाव आहे ते आहेच. त्यामुळे दाखला वेळेत मिळाला नाही आणि पुण्याच्या नोकरीचा सोमवार निघून गेला. आजही तिला नवी नोकरी मिळाली की पडताळणीत ती फिर्याद वर येते, आणि मुलगी पुन्हा सगळं समजावत बसते. मूळ पान निघालं, प्रती फिरतच आहेत.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस गुन्हा लपवतो, सवय लपवत नाही, कारण सवय त्याला गुन्हा वाटतच नाही. कागदावर कुणाचं नाव आहे हे बघून उठू नका. काम चालू असताना तिथे जाऊन बसा आणि कुणाचा हात चालतोय ते बघा. तरुण अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

आणि त्या सुरक्षा अधिकाऱ्याला वेगळं सांगतो. आज तो अधिक मोठ्या कारखान्यात आहे आणि सुरक्षेवर व्याख्यानं देतो, असं ऐकतो. व्याख्यानं पुरे झाली. एकदा सफाळ्याला ये. त्या मुलीच्या वडिलांसमोर बस, मावशीलाही मी घेऊन येतो. त्या पानावर ‘सराव’ हा शब्द नको, असं कुणी सांगितलं, आणि तुझं नाव वाचवायला तिचं नाव पुढे कुणी केलं? कोर्टात पुरावा नव्हता. इथे पुरावा मागणारं कुणी नाही. उत्तर दे.