हिरवं दिसलं की

वडीगोद्रीला हायवेवर आमचं नवं हॉटेल सुरू व्हायचं होतं. ऐन उन्हाळ्यात समोरच्या अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरायला जालन्याहून एक माणूस आला. गुडघ्यांवर सरकत, सोल्युशन लावून तो पट्ट्या चिकटवायचा आणि प्रत्येक जोडावरून तळहात उलट्या दिशेनं फिरवून पाती उभी करायचा. नजर मात्र सारखी रस्त्याकडे जायची.

"कुणाची वाट बघून राह्यले?" मी विचारलं.

"शेळ्यांची. आमचं घर मेंढरं राखणारं. या दिवसांत हिरवं दिसलं की जनावर ऐकत न्हाई."

गिऱ्हाईकानं थांबावं म्हणून आम्ही ते गवत आणलं होतं. शेळ्यांचा विचार कुणाच्या मनातही नव्हता.

दुपारी एका म्हातारीच्या शेळ्या आत घुसल्याच. एक गाभण शेळी कापलेला तुकडा चघळू लागली. तो धावला. तिची मान काखेत धरून त्यानं तोंडात बोटं घातली आणि हिरवे दोरे ओढून काढले. थोडं पोटात गेलं की काय, कळायला मार्ग नव्हता.

"गेलं असंल तं रवंथ करायची न्हाई," तो म्हातारीला म्हणाला. "बसू द्या तिला, मावशी."

काम उरकलं होतं; त्याला न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न वाजवत राहिला. पुढचं काम अंबडला होतं. हा शेळीच्या पोटावर हात ठेवून उकिडवा बसलेला. मलाही तिथून आत जाववेना.

बऱ्याच वेळानं शेळीचा जबडा हलला. "बराबर," इतकंच तो पुटपुटला. मग टेम्पोत न चढता अंगणभर वाकून बारीक कात्रणं वेचू लागला.