आधी डंपरखाली बघू द्या

गेल्या मंगळवारी हिंजवडीजवळच्या नेऱ्यात, ऐन दुपारी, डंपरच्या चावीवरून माझं भांडण झालं. भांडण म्हणजे समोरचा बोलत होता आणि मी ऐकत होतो... या कामात बहुतेक वेळा असंच असतं.

तिथे रस्ता रुंद करून काँक्रीटचा करायचं काम चालू आहे आणि मी साइटवर सेफ्टी बघतो. म्हणजे सकाळी ‘हेल्मेट घाला’ म्हणायचं, दुपारी तेच पुन्हा म्हणायचं आणि कुणीतरी बाजूला सारलेले बॅरिकेड परत जागेवर आणायचे. हिंजवडीच्या कॅब त्या फटीतून आत घुसतात, ओल्या काँक्रीटवर चाकं उमटवतात आणि वर आम्हालाच हॉर्न मारतात.

रुंदीकरणात कडेची झाडं गेली. आता साइटवर सावली म्हणजे उभ्या गाड्यांचीच. जेवण झालं की माणसं रोलरखाली, डंपरखाली खुशाल आडवी होतात... आणि वर बसलेल्या ड्रायव्हरला खालचं काही दिसत नाही. पुढचं सांगायला नको.

म्हणून मी सावलीसाठी एक हिरवी जाळी बांधून घेतली आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गाड्यांच्या चाव्या स्वतःच्या खिशात ठेवायला लागलो. चावी परत देण्याआधी गाडीभोवती फेरी मारतो, वाकून खाली बघतो. पन्नाशी उलटलीय, गुडघे कुरकुरतात. ड्रायव्हर लोक हसतात. “साहब, कुछ गिर गया क्या?”

तर मंगळवारी खडीचा डंपर एका घराच्या गेटला आडवा उभा होता. ड्रायव्हर जेवायला गेलेला, त्याचा फोन लागेना. तेवढ्यात घरमालक बाहेर आले. गावात त्यांना सगळे शेठ म्हणतात. शेतात भाड्याच्या खोल्यांची बिल्डिंग उभी केलीय, त्यामागे राहतं घर. त्यांना पौडला जायचं होतं, तहसील कचेरीत जमिनीची तारीख होती... आणि नवी कोरी पांढरी गाडी आतच अडकली होती.

“ओ सेफ्टी, चावी द्या हिकडं. मी घेतो बाजूला. घरचे दोन डंपर हायेत माझे.”

मी म्हटलं, ड्रायव्हरशिवाय कुणाला देता येत नाही. मग व्हायचं तेच झालं. शेठनी कुणाला तरी फोन लावला, त्या कुणीतरी आमच्या इंजिनियरला लावला आणि इंजिनियरचा मला आला. “अहो, देऊन टाका ना. लोकल माणूस आहे, उद्या काम बंद पाडेल.”

नियम माझा, पगार त्यांचा. मी म्हटलं, “देतो... पण आधी डंपरखाली बघू द्या.”

“खाली काय बघताय? तुमची समदी माणसं त्या जाळीखाली घोरत्यात. मांजर शोधताय व्हय?”

त्यांचं चूक नव्हतं. आमची माणसं जाळीखाली झोपलेली मीच पाहिली होती. उन्हानं डोकं ठणकत होतं आणि फार कंटाळा आला होता. चावी त्यांच्या हातात टेकवावी आणि सावलीत जाऊन बसावं, असं मनात येऊन गेलं... पण सवयीनं पाय डंपरच्या मागे वळले. शेठ बोलतच मागे येत होते.

“तारीख चुकली ना माझी, तर तुमच्या त्या इंजिनियरला...”

आणि एकदम थबकले.

मागच्या चाकाशेजारी चपला होत्या. उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्यात तशा, जोडून. आमच्या माणसांच्या पायात गमबूट असतात.

“आबाच्या चपला हायेत ह्या,” शेठ म्हणाले. आवाज अगदी बारीक.

मी गुडघ्यावर बसायच्या आधीच ते रस्त्यावर पालथे झाले होते. परीटघडीचा शर्ट, सगळा धुळीत. खाली, चाकांच्या मधोमध त्यांचे वडील झोपले होते. तोंडावर टोपी, उशाला हात... गाढ.

हाका मारून त्यांना उठवलं. शेठनी हाताला धरून बाहेर काढलं, ते उलट चिडलेच.

“काय रं बोंबलतुयास? जरा डोळा लागला व्हता.”

“आबा, हितं झोपत्यात व्हय? घरात एसी लावलाय की!”

“एसीत डोकं धरतं माझं. हितं आपला आंबा व्हता. दुपारचा मी कायम हितंच पडतुया... आंबा गेला, गाडीची सावली आली. मला काय, सावली ती सावली!”

शेठ रस्त्याच्या कडेला बसले, माझी पाण्याची बाटली मागून घेतली आणि सगळी संपवली. मध्येच इंजिनियरचा फोन आला, “दिली का चावी?”

मी म्हटलं, “आता नकोय त्यांना.”

शेठ पौडला गेले नाहीत. ड्रायव्हर आला, डंपर हलला, काम सुरू झालं. आभार वगैरे कुणी मानले नाहीत. तशी अपेक्षाही नसते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मात्र शेठ गेटमधून ओरडले, “ओ सेफ्टी, तुमची माणसं धाडा हिकडं. बिल्डिंगखाली पार्किंगमधी गार हाय. फकस्त भाडेकरूंच्या बाइकला टेकू नका म्हणावं!” गेलो तर आबा आधीच चटई टाकून पडले होते, भिंतीकडची जागा धरून. आमचे बिहारी मजूर शेजारी ओळीनं झोपले. आबांना आणि त्यांना एकमेकांची भाषा येत नाही... घोरण्यात अडचण आली नाही.

माझी फेरी चालूच आहे. काल ड्रायव्हर म्हणाला, “देखा साहब? कोई नहीं है।” मी गुडघ्यांची धूळ झटकली आणि चावी त्याच्या हातात दिली. कुणी नाही, हे बघायचाच मला पगार मिळतो... आणि रोज तेच दिसो.