केळीचा चीक

केळीचं खोड कापलं की तुरट, ओला वास येतो आणि मला भावाचे टेरिकॉटचे पांढरे कपडे आठवतात. तो विकेटकीपर होता. तळवे सुजू नयेत म्हणून ग्लोव्हजमध्ये केळीच्या खोडाचं गार सोपट, म्हणजे साल, घालायचा आणि त्याच्या चिकाचे काळे डाग कपडेभर पडायचे. जळगावच्या निवड सामन्यात, जिंकायला थोड्याच धावा हव्या असताना, षटकार मारायला तो क्रीज सोडून पुढे धावला आणि यष्टीचीत झाला. संध्याकाळी डाग घासता घासता आई म्हणाली, “थांबता उनं नही का रे तुले?” तो हसला, “माय, मी मारस म्हनीसन तर तठलोंग गऊ.” मारतो म्हणूनच तर तिथवर पोचलो, असं त्याचं म्हणणं. त्याला पुन्हा बोलावणं आलं नाही आणि डागही निघाले नाहीत. माझ्या कपड्यांवर मात्र आजवर एकही डाग नाही. मी क्रीज कधी सोडलीच नाही.